नाव माहीत नसलेल्यांचे आभार

बाबांच्या अंजायनाच्या (हृदयाला रक्त कमी पडून छातीत कळ येण्याच्या) दुखण्यात ज्यांनी मदत केली, त्यांपैकी कुणाचंच नाव आम्हाला ठाऊक नाही. म्हणून हे जाहीर आभार.

पहिले त्या नर्सताईंचे. कळ आली की घ्यायची नायट्रोग्लिसरिनची गोळी गिळायची नाही, चावायची नाही, जिभेखाली विरघळू द्यायची, हे डॉक्टरांनी सांगितलंच होतं. पण 'आधी बसायचं, मग गोळी' हे त्यांनी बाबांकडून अक्षरशः वदवून घेतलं. गोळीने रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो, उभा माणूस चक्कर येऊन पडू शकतो. नंतर डोकं ठणकू शकतं, तेही त्यांनी आधीच सांगितलं होतं, त्यामुळे घरात घबराट उडाली नाही.

औषधांच्या दुकानातल्या त्या मुलाचेही आभार. सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल (पुरुषांच्या लैंगिक ताठरतेसाठीची औषधं) घेता का, असं त्याने हळू आवाजात, पण अजिबात न लाजता विचारलं. (लाजलो ते आम्हीच.) ही औषधं नायट्रोग्लिसरिनसोबत पोटात गेली तर रक्तदाब जिवावर बेतेल इतका घसरू शकतो. गोळ्या मूळच्या बाटलीतच घट्ट झाकण लावून ठेवा, हेही त्यानेच बजावलं.

आणि जिन्यात बाबांना खाली बसवणारे ते गृहस्थ! स्वतःजवळचं काहीबाही औषध न देता त्यांनी बाबांच्याच खिशातली गोळी शोधून दिली, घड्याळाकडे बघत थांबले आणि 5 मिनिटांत कळ ओसरली नाही तशी लगेच रुग्णवाहिका बोलावली. आम्ही पोचेपर्यंत ते निघून गेले होते. बाबा आता बरे आहेत. तुम्ही हे वाचत असाल तर जरूर कळवा, त्यांना तुमच्याशी बोलायचं आहे.