लेखी भाग तेवढा पुरा कर

खानापूर

चि. अश्विनीस,
आप्पाचे अनेक आशीर्वाद.

रविवारी "काम बोलतंय ते बास की, मी काय लिहीत बसत न्हाई" म्हणून तू फोन ठेवलास. आईनं मला परत लावू दिला नाही, म्हणून हे पत्र. प्रबंधाबद्दल अवाक्षर काढायचं नाही असं ठरवूनच बसलोय.

मेसची डाळ गोड लागते म्हणालीस ना, अक्काकडची चटणी पाठवतोय. झाकण घट्ट लावून ठेव.

फोटो बघितले. कच्ची कौलं काचेच्या टाकीत, आणि पाणी लागल्यावर आधी कोपरा सुटतो, मग कड. खरं सांगू, पहिल्यांदा बरं वाटलं नाही. जन्म गेला कौल भाजण्यात, आणि पोरगी मुद्दाम भिजवून विरघळवते! मग रात्री उठून परत बघितले. सहाशे अंशांच्या वर गेलेली माती पुन्हा चिखल होत नाही. तू त्याच्या अलीकडची माती दाखवतेस, आमच्या बंद कारखान्याच्या आवारातली. एवढं मला उमगलं. स्टँडवर चारचौघांना फोटो दाखवले, बडोद्याला १९५० पासून फाइन आर्ट्स शिकवतात हेही सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं.

पण प्रदर्शन उतरल्यावर टाकीत गढूळ पाणीच राहणार. मग परीक्षकांनी बघायचं काय? लेखी भाग झालाय किती?

बघ, आलोच तिथं.

माझी भट्टीची वही आठवते? तू तिच्यात बदकं काढायचीस. तिच्यात मी काय मोठं लिहायचो? "लाकूड ओलं. दाराकडची रांग फिकी. जाळ लवकर वाढवला, वरची कौलं तडकली." भाजलेल्या कौलावर बोटाचं पेर मारायचं: टणटणीत वाजलं तर बरं, बद्द वाजलं तर बाजूला. कुठल्या रांगेत बद्द निघाली तेही लिहायचो. पुढच्या खेपेला जाळ किती, कधी, ते त्यावरून ठरायचं. तुझ्या सरांना तरी दुसरं काय हवंय? कुठलं कौल किती वेळात सुटलं, कुठलं तुझ्या अंदाजाबाहेर टिकलं, मग तू काय बदललंस. इंग्रजीत सुचत नसेल तर आधी मराठीत लिही. दहावीपर्यंत मराठीतच शिकलीस, लाज कसली? इंग्रजी नंतर होतं. रोज एक पान लिहिलं तरी...

भाषण झालं. राग मानू नको. तुझं काम तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं, आणि ते चांगलं आहे. चांगलं आहे म्हणूनच जीव वर-खाली होतो. दादाकाकाचं तू बघितलंयस. हात कसला होता त्याचा! सगळं अर्ध्यावर. अजून माळ्यावर त्याची ट्रंक आहे, आजी कुणाला हात लावू देत नाही.

तुला पहिल्यांदा असोग्याला नेलं तेव्हा मलप्रभेच्या काठावर गाळाचा बैल केलास आणि तो वाळेपर्यंत उठायला तयार नव्हतीस. शेवटची बस गेली. आई अजून मलाच बोलते.

वही स्पीड पोस्टानं पाठवतोय. लागतील ती पानं झेरॉक्स कर आणि मूळ परत पाठव, हरवू नको. पैसे शुक्रवारी टाकतो. भट्टीजवळ ओढणी घेऊन जाऊ नको.

आणि प्रबंध द्यायची तारीख कळव. आईच्या फोनवर नको, माझ्या.

तुझा,
आप्पा