सगळं श्रेय बार्साला कशाला?

रविवारच्या पुरवणीत 'स्पेनचा 2010 चा वर्ल्डकप म्हणजे बार्सिलोनाचाच विजय' असं लिहिलंय ते काही पटलं नाही. फायनलला सुरुवातीच्या अकरात बार्साचे (म्हणजे बार्सिलोना या फुटबॉल क्लबचे) 7 होते, पुयोल, पिके, बुस्केट्स, चावी, इनिएस्ता, पेद्रो आणि त्याच उन्हाळ्यात करारबद्ध झालेला व्हिया, हे खरंच, पण नेदरलँड्सचा रॉबेन एकटा समोर आला तेव्हा पायाने बॉल अडवला तो रिअल माद्रिदच्या गोलकीपर कासियासने आणि इनिएस्ताच्या गोलचा पास आर्सेनलच्या फॅब्रेगासचा होता (तोही लहानपणी बार्साच्याच अकादमीतला, मान्य). आणि 2008 चं काय? तेव्हा बार्सा स्पेनच्या लीगमध्ये तिसरी, युरोच्या (युरोपातल्या देशांच्या स्पर्धेच्या) फायनलला सुरुवातीला त्यांचे फक्त 3, गोल लिव्हरपूलच्या टोरेसचा, तरी स्पेनच जिंकलं की!

– एक फुटबॉलप्रेमी वाचक, पुणे