ट्युलिप आपल्या सुट्ट्या बघून फुलत नाही

संपादक साहेब, नमस्कार,

फेब्रुवारी लागला की तुमच्या पेपरात दोन गोष्टी हमखास दिसतात, एक काश्मीर ट्युलिप टूरच्या जाहिराती आणि दुसरं म्हणजे पुरवणीतलं ‘बाल्कनीत फुलवा ट्युलिप’ टाइप काहीतरी. फोटो दोन्हीकडे तोच, लाल-पिवळे पट्टे आणि मागे डोंगर. त्या फोटोच्या आधी काय काय व्हावं लागतं ते कुठेच येत नाही, म्हणून हे पत्र.

आमच्या इथे घोडबंदर रोडला यंदा बऱ्याच घरांत ट्युलिपचे कंद आलेत, ऑनलाइन मागवलेले. सोबतच्या कागदावर पाणी किती, ऊन किती, खत कुठलं सगळं लिहिलंय, थंडीबद्दल एक अक्षर नाही आणि गोम नेमकी तिथेच आहे. फुलाचा कोंब कंदाच्या पोटात उन्हाळ्यातच तयार होऊन बसतो, पण पुढे दांडा नीट वर यायला कंदाला सलग १२ ते १६ आठवडे साधारण ९ अंशांच्या खालची थंडी लागते. आपल्याकडे पहाटे सोळा-सतरा झालं की लोक स्वेटरचे फोटो टाकतात! त्या हवेत कंद तसाच कुंडीत लावला तर नुसती पानं येतात, फूल आलंच तर पानांतच अडकून बसतं, नाहीतर सरळ कंद सडतो आणि मग ती बिचारी माणसं म्हणतात आमच्या हाताला गुण नाही. (निळ्या ट्युलिपचं बी विकणारे तर वेगळेच, खरा निळा ट्युलिप नसतोच आणि बियांपासून फूल यायला पाच-सात वर्षं जातात.)

शेजारच्या काकूंनी मात्र कंद दसऱ्यापासून कागदी पिशवीत घालून फ्रीजच्या भाजीच्या ड्रॉवरमध्ये ठेवले होते, जानेवारीत कुंडीत लावले. आता रोज सकाळी आम्ही चहाचा कप घेऊन त्या कुंडीपाशी. आधी मातीला बारीक चीर गेली, मग घट्ट गुंडाळलेलं टोक वर आलं, हिरवट पण कडेला जांभळट, पेन्सिलीला टोक काढावं तसं. आता पानं उलगडतायत आणि आत पाहिलं तर तळाशी हिरवी कळी दिसते, रंग अजून नाही. दुपारी पारा पस्तिशीला टेकायला लागलाय म्हणून कुंडी सावलीत सरकवली, कारण उकाड्यात दांडा आखूड राहतो आणि फूल दोन-चार दिवसांत माना टाकतं. ते फुललं तरी कंद इथे पुढच्या वर्षी चालत नाही हेही सांगून टाकतो, म्हणजे कुणी उगाच जपून ठेवायला नको.

आता टूरचं. श्रीनगरची दल लेकजवळची ट्युलिप गार्डन २००७ साली उभारली गेली, तिथे कंद शरद ऋतूत लावतात, बर्फाखाली त्यांची थंडी आपोआप होते आणि बाग उघडायची तारीख त्या वर्षीच्या हवामानावर ठरते. २०२३ ला १९ मार्च, २०२४ ला २३ मार्च, २०२५ ला २६ मार्च. लवकर, मध्ये आणि उशिरा फुलणाऱ्या जाती मिसळून लावतात तरी सगळा खेळ जेमतेम महिनाभराचा. आणि आपल्याकडे मुलांच्या परीक्षा संपणार एप्रिलमध्ये, मग रिझर्व्हेशन, मग निघणार! एप्रिलच्या शेवटी पोचलेल्या आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाला बागेचं बंद गेट बघून परत फिरावं लागलं, टूरवाल्याच्या पत्रकावर मात्र ट्युलिप गार्डन ठळक अक्षरात होती.

तर विनंती अशी की फेब्रुवारीच्या शेवटापासून आठवड्याला एक छोटी चौकट द्या. श्रीनगरला कोंब दिसले का, कळ्या आल्या का, बहर कुठवर आला, बस्स एवढंच, चकचकीत फोटो नसला तरी चालेल. त्यातच एक ओळ आपल्या ठाण्याच्या येऊरच्या जंगलाची टाका, काटेसावर, पांगारा, पळस कुठपर्यंत आलेत त्याची. ज्यांना मार्चमध्ये काश्मीरला जाता येत नाही ते रविवारी सकाळी तिकडे तरी जातील, त्याला बुकिंग लागत नाही.

एक वाचक,
ठाणे (पश्चिम)

ता. क. फ्रीजमध्ये कंद ठेवणाऱ्यांनी त्याच ड्रॉवरमध्ये सफरचंद ठेवू नका, पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने आतली कळी मरते. हे तरी पुरवणीत नक्की छापा.