हलव्याच्या कृतीतली ‘चिमूटभर रंग’ ही ओळ बदला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत काटेरी हलव्याची कृती वाचली. कच्चा पाक, शेगडीची मंद आच, परातीत बोटं सतत फिरवत राहण्याची रीत, सगळं हाताखालून गेलेलं माणूसच लिहील असं लिहिलं होतं. शेवटची ओळ मात्र खटकली: ‘आवडीप्रमाणे खाण्याचा रंग चिमूटभर.’ दिवाळीत केशरी शिऱ्याला आणि त्याआधी गणपतीत रंगीत मोदकांनाही हीच ओळ होती. आता संक्रांत महिन्यावर आली आहे. त्याआधी ही ओळ बदलावी, एवढ्यासाठी हे पत्र.

चिमूट हे माप मिठाला, हिंगाला चालतं. रंगाला चालत नाही. आपल्या देशात खाद्यपदार्थांसाठी आठ कृत्रिम रंगांना परवानगी आहे आणि बहुतेक पदार्थांत त्यांची मर्यादा तयार पदार्थाच्या किलोमागे 100 मिलिग्रॅम आहे. म्हणजे ग्रॅमचा दहावा हिस्सा. घरात हलवा होतो पाव किलो, फार तर अर्धा किलो. अर्ध्या किलोला 50 मिलिग्रॅम! माझ्या स्वयंपाकघरातला काटा एका ग्रॅमच्या खालचं काही दाखवतच नाही. त्यातून डबीत निव्वळ रंग किती आणि भर किती, हे प्रत्येक डबीचं निराळं. कारखान्यात रंग तोलायला काटा असतो, आपल्याकडे दोन बोटं असतात. त्या दोन बोटांत किती आलं, हे कृती लिहिणाऱ्यालाही सांगता येणार नाही आणि करणारीलाही.

आणि हा हलवा खातं कोण? गेल्या संक्रांतीला आमच्या आळीत एक बोरन्हाण होतं. बोरं, उसाचे करवे, चुरमुरे आणि विकतचा रंगीत हलवा बाळाच्या डोक्यावरून ओतला आणि मुलांची वेचायला झुंबड उडाली. तीन-साडेतीन वर्षांच्या एका मुलीनं मूठभर हलवा कुणी घेऊ नये म्हणून घट्ट धरून ठेवला होता. मूठ उघडली तेव्हा तळवा गुलाबी आणि हिरवा झालेला. आईनं दोनदा साबण लावला, तरी हातावरच्या रेषांत रंग राहिलाच. ती मुलगी तोच हात चाटत होती.

कायद्यात बसणारे रंग विष आहेत, असं मी म्हणत नाही. 2024 मध्ये कर्नाटकात ‘बुढ्ढी के बाल’मध्ये सापडलेला ऱ्होडामाइन-बी हा कापड रंगवायचा रंग, त्याला खाण्यात परवानगीच नाही. ती वेगळी गोष्ट आणि तिची सरमिसळ मला करायची नाही. पण परवानगी असलेल्या रंगांबद्दलही जग सावध झालेलं आहे. आपल्या आठांपैकी टार्ट्राझीन, सनसेट यलो, कार्मोइसिन आणि पॉन्सो 4आर हे चार युरोपात वापरले, तर मुलांच्या चंचलपणावर आणि लक्षावर परिणाम होऊ शकतो अशी सूचना 2010 पासून वेष्टनावर छापावी लागते. त्यामागच्या अभ्यासात दिसलेला परिणाम लहान होता आणि सगळ्या मुलांत सारखा नव्हता, हेही खरं. आपल्या यादीतल्याच एरिथ्रोसिन या गुलाबी-लाल रंगाची खाद्यपदार्थांतली परवानगी अमेरिकेनं जानेवारी 2025 मध्ये काढून घेतली. ज्या रंगाला ना चव ना वास, जो फक्त डोळ्यांसाठी आहे, तो मोजता येत नसताना पोरांच्या पोटात घालायची एवढी काय निकड?

यावर नेहमीचं उत्तर येतं, ‘घरचा रंग टिकत नाही हो.’ हे ऐकलं की मला वाईट वाटतं. रंग टिकत नाही ते बहुतेक वेळा त्याचा स्वभाव आपल्याला ठाऊक नसतो म्हणून. खरं तर ठाऊक असतो, पण ते ज्ञान आपण दुसऱ्याच खणात ठेवलेलं असतं. ढोकळ्यात सोडा नीट मिसळला नाही तर पिवळ्यावर लाल ठिपके उठतात. साडीवरच्या हळदीच्या डागाला साबण लावला की तो लालभडक होतो. कुंकू हळदीचंच करतात. या तिन्ही ठिकाणी एकच घडतं, हळदीला सोडा, साबण किंवा चुना असा खार भेटला की ती लाल होते. म्हणजे सोडा घातलेल्या पदार्थात हळदीचा पिवळा रंग हवा असेल, तर सोबत ताक किंवा लिंबू हवं आणि सोडा गुठळी न राहता मिसळायला हवा. झालं, एवढंच शास्त्र.

बीटचंही तसंच. नातीच्या वाढदिवसाला मी बीटच्या रसातला केक केला. पीठ कालवलं तेव्हा डाळिंबासारखा रंग होता, सगळी पोरं ओट्याभोवती जमली. चाळीस मिनिटांनी सुरी घातली तर आत मातकट तपकिरी. नात काही बोलली नाही, पण तिचा चेहरा अजून आठवतो. मग मी त्याच्या मागेच लागले. बीटच्या रंगाला दोन गोष्टी सोसत नाहीत, फार वेळची उष्णता आणि सोडा. केकमध्ये मी दोन्ही दिल्या होत्या. पुढच्या वेळी केक साधाच ठेवला आणि गार सायीच्या क्रीममध्ये दोन चमचे रस फेटला. गुलाबी रंग संध्याकाळपर्यंत तसाच राहिला.

रस काढायची माझी रीत सांगते. मध्यम बीट सोलून बारीक किसणीवर किसायचं आणि पंचाच्या स्वच्छ तुकड्यात बांधून पिळायचं. पाणी घालायचं नाही. चार-पाच चमचे दाट रस निघतो. तो आटवायला गॅसवर ठेवू नये, तिथंच रंग मरतो. कोरडी पूड हवी असेल तर पातळ चकत्या सावलीत किंवा पंख्याखाली कडकडीत वाळवून मिक्सरवर फिरवाव्यात. पावसाळ्यात हा उद्योग करू नये, चकत्यांना बुरशी येते. मातीचा वास अनेकांना नको वाटतो, पण वेलदोडा घातला की तो मागे पडतो.

हलव्याला बीट चांगलं साधतं, कारण परात बोटांना सोसेल इतकीच गरम असते. फक्त रस उकळत्या पाकात घालायचा नाही. हलव्यावर काटा आला, पांढरा शुभ्र दिसायला लागला, की शेवटचा अर्धी वाटी पाक बाजूला काढायचा, कोमट होऊ द्यायचा आणि मग त्यात रस. रसानं पाक पातळ होतो, म्हणून हा शेवटचा पाक थोडा घट्ट ठेवावा. रंग खुलावा म्हणून लिंबू पिळायचा मोह होईल, कारण एरवी बीटला आंबट मानवतं. इथं तो टाळलाच पाहिजे. आंबटानं पाकातली साखर फुटते, तिचे कण धरत नाहीत आणि मग काटाच येत नाही. त्याच कारणानं कोकमाचं आगळ हलव्याला चालत नाही. सरबतात आणि सोलकढीत त्याच्यासारखा रंग नाही, पण हलव्यापासून ते लांब ठेवावं.

पिवळ्यासाठी केशर, पाच-सहा काड्या चमचाभर कोमट पाण्यात खलून. हळद पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे हलव्यावर तिचे ठिपके बसतात. निळ्या रंगासाठी कुंपणावरचा गोकर्ण आहे. आठ-दहा फुलांचे हिरवे देठ काढून पाव वाटी गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवली की शाईसारखं निळं पाणी उतरतं. मलेशियात या फुलांच्या पाण्यात निळा भात शिजवतात, नासी केराबू म्हणतात त्याला. या पाण्यात लिंबू पिळलं की ते जांभळं होतं. मुलांना हे करून दाखवा, पाहत राहतात.

केशरी शिऱ्यासाठी मात्र माझं मत गाजराकडे आहे. गाजराचा रंग पाण्यापेक्षा तुपात चांगला उतरतो. एक गाजर किसून तुपात अगदी मंद आचेवर दहा-बारा मिनिटं परतायचं, तूप नारिंगी झालं की गाळून त्याच तुपात रवा भाजायचा. कोकणात ज्यांच्या परसात शेंद्री आहे त्यांनी तिच्या चार-पाच बिया कोमट तुपात सोडाव्यात, रंग आणखी गडद येतो. लोणी आणि चीजला रंग आणायला मोठे उत्पादकही शेंद्रीच वापरतात. हिरव्यासाठी पालक मिनिटभर उकळत्या पाण्यात, लगेच गार पाण्यात, मग वाटायचा. आंबट घातलं किंवा फार शिजवलं की तो शेवाळी होतो.

एक काळजीची गोष्ट लिहायलाच हवी. झाडाचं आहे म्हणून कुठलंही फूल खाण्यात जाऊ नये. पिवळी कण्हेर दिसायला सुंदर, पण जीवघेणी आहे. पूजेच्या बाजारातल्या फुलांवर औषध मारलेलं असतं, तीही नकोत. गोकर्ण घ्यायचा तर आपल्या किंवा ओळखीच्या दारातला, आणि ओळख पक्की असेल तरच.

घरचे रंग विकतच्या इतके भडक येणार नाहीत. बीटचा हलवा फिकट गुलाबी दिसतो आणि उघड्या ताटलीत उजेडात ठेवला तर आणखी फिकटतो. घट्ट झाकणाच्या डब्यात अंधारात ठेवावा. माझ्या सूनबाई पहिल्या वर्षी म्हणाल्या, ‘आई, हा लोकांना जुना वाटेल.’ त्या वर्षी हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी रंग कसा केला हे विचारलं आणि दोघींनी कागदावर उतरवून नेलं.

आपली पुरवणी घराघरांत जाते. अनेकजणी कृती कापून वहीत चिकटवतात, मीही चिकटवते. त्या वहीतली ओळ पुढची वीस वर्षं वापरली जाते, म्हणून हा आग्रह. संक्रांतीच्या आधी हलव्याची कृती पुन्हा देणार असाल, तर शेवटची ओळ अशी छापावी:

‘रंग हवा असल्यास शेवटच्या अर्धी वाटी पाकात, पाक कोमट झाल्यावर, बीटचा गाळलेला दाट रस एक चहाचा चमचा घालावा. लिंबू घालू नये. परात बोटांना सोसेल इतकीच गरम ठेवावी.’

आपली,
एक नियमित वाचक,
सातारा