नवी वेबसाइट नीट चालेपर्यंत जुनी बंद करू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सांगलीत बरीच खाती असलेल्या एका खासगी बँकेने ऐन हळदीच्या हंगामात आपली वेबसाइट आणि अ‍ॅप बदलले. शनिवारी रात्री जुनी वेबसाइट बंद झाली आणि सोमवारी सौदे सुरू झाले तरी नवी धड उघडत नव्हती. मी मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानाचे, म्हणजे शेतकऱ्यांचा माल विकून देणाऱ्या दुकानाचे, हिशेब पाहतो. शेतकऱ्यांच्या पट्टीचे (विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या चिठ्ठीचे) पैसे आम्ही याच बँकेतल्या खात्यातून पाठवतो. वर्षानुवर्षे भरत आलेली शेतकऱ्यांच्या खात्यांची यादी नव्या वेबसाइटवर कोरी निघाली. एकेक नाव पुन्हा घालायचे, आणि नाव नवे म्हणून पहिल्या दिवशी ठरावीक रकमेपुढे पैसे जात नाहीत! भागीदारीतल्या दुकानांत एकाने नोंद करायची व दुसऱ्याने मंजुरी द्यायची, ती सोयही गायब. हळद विकून पट्टी हातात घेऊन बसलेल्या माणसाला आम्ही काय सांगायचे?

शाखेत गेलो तर तिथे पेन्शनवाल्यांची रांग. नव्या पासवर्डसाठी एटीएम कार्डाचा नंबर लागतो आणि यांतल्या कित्येकांनी कार्ड कधी घेतलेलेच नाही. कर्मचारी बिचारे कस्टमर केअरचा नंबर लिहून देत होते. त्यांना दोष देणार नाही, त्यांनाही कुणी काही सांगितलेले दिसले नाही.

राग येतो तो बँकेच्या उत्तराचा. बदलाची सवय व्हायला वेळ लागतो, असे ती सगळ्यांना एकाच साच्यात कळवते. सवयीचा प्रश्न कुठे आहे? यार्डातले हमालसुद्धा मोबाइलवर पैसे घेतात. ग्राहकांच्या तक्रारी नेमक्या आहेत: खात्यातून रक्कम वजा होते पण समोर पोचत नाही, आणि ‘व्यवहार अयशस्वी’ वाचून पुन्हा पाठवली की दोनदा जाते. ही माहिती ग्राहक आपला वेळ घालून फुकट देत आहेत. ती वाचणारे कुणी नसावे?

असे पूर्वीही घडले आहे. ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये सगळी खाती एकदमच नव्या यंत्रणेवर नेली. लाखो ग्राहक अडकले, बँकेच्या प्रमुखांना पद सोडावे लागले आणि २०२२ मध्ये ४ कोटी ८६ लाख पौंडांहून अधिक दंड बसला. आपल्याकडे जून २०२१ मध्ये प्राप्तिकराचे नवे पोर्टल रखडले, तेव्हा विवरणपत्रांची मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवून मिळाली. खासगी बँकेच्या ग्राहकाला मुदत कोण वाढवून देणार? आपोआप कापला जाणारा कर्जाचा हप्ता या गोंधळात चुकला, तर दंड त्यालाच. शिवाय जानेवारी २०२५ पासून बँका कर्जफेडीची माहिती निदान दर पंधरवड्याला सिबिलसारख्या, कर्जदारांची पत नोंदवणाऱ्या कंपन्यांना देतात, म्हणजे डागही लगेच लागतो.

म्हणून बँकेने जुनी वेबसाइट निदान हंगाम संपेपर्यंत सोबत चालू ठेवावी, या काळातले दंड परत करावेत, सिबिलकडच्या चुकीच्या नोंदी स्वतः दुरुस्त करून घ्याव्यात आणि शाखेत अडचण सोडवण्याचे अधिकार असलेला माणूस बसवावा. ग्राहकांनीही केवळ काउंटरवर भांडून परत येऊ नये. लेखी तक्रार द्यावी, तिचा नंबर घ्यावा. ३० दिवसांत समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते आणि त्याला पैसे पडत नाहीत.

— एक खातेदार, सांगली