‘वीव्हर्स’ मागे पडले नव्हते

संपादक महोदय,

‘द वीव्हर्स’ या अमेरिकी लोकगीत गायकांवरील रविवारच्या लेखात, लोकांची आवड बदलल्याने ही चौकडी १९५२मध्ये फुटली, असे म्हटले आहे. ते मुळीच पटले नाही. दोनच वर्षांपूर्वी त्यांचे ‘गुडनाइट आयरीन’ तिथे तब्बल १३ आठवडे अव्वल होते. श्रोते कुठेही गेले नव्हते. कम्युनिस्ट असल्याच्या आरोपावरून त्यांना काळ्या यादीत टाकले गेले. रेडिओ, दूरचित्रवाणीची दारे बंद झाली, कार्यक्रम रद्द होऊ लागले. पुढे २४ डिसेंबर १९५५ रोजी पीट सीगर, ली हेज, रॉनी गिल्बर्ट, फ्रेड हेलरमन न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये पुन्हा एकत्र गायले, तेव्हा सभागृह तुडुंब भरले. गाणी तीच, गळेही तेच! लेखातील त्या वाक्याची दुरुस्ती जरूर छापावी.

– एक वाचक, पुणे