फेरीवाल्यांना बंदीची पाटी उतरवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

साक्री तालुक्यात पिंपळनेर भागात आमचे गाव आहे. दोन महिन्यांपासून एस.टी. थांब्याजवळच्या खांबावर एक पाटी लागली आहे : ‘अनोळखी व्यक्ती व फेरीवाल्यांना गावात सक्त मनाई. आढळल्यास गावकरी कारवाई करतील.’ १ मेच्या ग्रामसभेत ती ठरली. विरोधात हात वर करणारा मी एकटाच होतो. गलक्यात मला बोलता आले नाही, म्हणून हे पत्र.

चोरी झाली हे खरे आहे. एप्रिलमध्ये ज्या घराचा कोयंडा उचकटला ते माझ्या चुलत बहिणीचे. ती विधवा आहे, एकटी राहते. डब्यातली पोत आणि कांद्याचे आलेले एकवीस हजार रुपये गेले. अजून ती रात्री दिवा मालवत नाही. तिची भीती मी खोटी म्हणणार नाही. गस्त घालणाऱ्या पोरांबरोबर दोन रात्री मीही फिरलो.

पण चोर कोण, हे पोलिसांनाही अजून कळलेले नाही. पाटीने मात्र ठरवून टाकले. मेअखेरीस एक भांडीवाली बाई आली. जुन्या कपड्यांवर भांडी देते, कितीतरी वर्षांपासून गावात येते. तिला पोरांनी मारुतीच्या पारावर दोन तास बसवून ठेवले. ‘कोठली शे व माय तू?’ असे विचारण्यात गैर काहीच नाही, आमच्याकडे पाण्याचा तांब्या पुढे करतानाही तेच विचारतात. पण तिचे गाठोडे सोडून उपसले, आधार कार्डाचा फोटो काढून गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिले ‘संशयित’. दिवेलागणीपर्यंत तो फोटो चार गावे फिरून माझ्या पुतण्याच्या मोबाइलवर आला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. राईनपाडा आमच्याच तालुक्यात आहे. १ जुलै २०१८, रविवार, बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागायला आले होते, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे. मुले पळवणारी टोळी फिरते असे मेसेज आधीपासून फिरत होते. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि जीव जाईपर्यंत मारले. मारणाऱ्यांनाही आपण आपली लेकरे वाचवतो आहोत असेच वाटत होते. परवा पुन्हा १ जुलै येतो आहे आणि आमच्या ग्रुपवर एका बाईच्या फोटोखाली ‘संशयित’ लिहिलेले आहे.

ग्रामसभेत एक जण म्हणाला, गाव आमचे, आत कोण येईल ते आम्ही ठरवू. गाव आपले आहेच. पण रस्ता तिचाही आहे. भारतात कुठेही फिरण्याचा आणि कोणताही धंदा करण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ ने तिला दिला आहे. त्यावर लोकांच्या हितासाठी वाजवी निर्बंध घालता येतात, पण ते कायद्याने. चाळीस हात वर झाले म्हणून तो हक्क जात नाही. आणि ‘गावकरी कारवाई करतील’ म्हणजे काय करतील? आपल्या डोळ्यांसमोर कोणी गंभीर, अजामीनपात्र गुन्हा केला तर सामान्य माणूसही त्याला धरू शकतो, पण सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करावे लागते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४० हेच सांगते. भांडी विकायला येणे हा गुन्हा नाही.

इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्यात जन्मानेच माणूस चोर ठरायचा. पोलिसांकडे हजेरी द्यायची, पासाशिवाय हद्द सोडायची नाही. तो कायदा १९५२ मध्ये देशातून गेला. आमच्या खांबावर तोच परत लागल्यासारखा मला वाटतो.

मी चौतीस वर्षे डाकसेवक होतो. पावसाळ्यात नदी-नाले ओलांडून पाड्यापाड्यांवर गेलो. नव्या पाड्यावर कुत्री भुंकायची, बाया दाराआड व्हायच्या. टपालाची पिशवी दिसली की लगेच खाट टाकली जायची. ती पिशवी माझी ओळख होती. झोळीवाल्याला किंवा गाठोडेवालीला तेवढी सोय नसते, म्हणून तिच्या बाजूने कोणीतरी बोलले पाहिजे.

गस्त चालू ठेवा. थांब्यावर आणि मारुतीजवळ कॅमेरे लावा, मी माझ्या पेन्शनीतून वर्गणी देतो. शंका आली तर पोलीस पाटलांना सांगा, ११२ ला फोन करा, पण माणसाला अडवून ठेवू नका आणि कोणाचा फोटो पुढे पाठवू नका. तालुक्याच्या गटविकास अधिकाऱ्यांना आणि जिल्हा पोलीस अधीक्षकांना माझी विनंती आहे : जिथे जिथे अशा पाट्या लागल्या आहेत तिथे लेखी पत्र पाठवून त्या उतरवायला सांगा. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मी हा विषय लेखी देणार आहे.

ती बाई त्यानंतर आलेली नाही. माझ्या बहिणीकडे एका पातेल्याचे तिचे दीडशे रुपये राहिले आहेत. बहिणीने ते वेगळे बांधून ठेवले आहेत आणि ती कधी येईल म्हणून मला विचारत असते.

आपला,
एक निवृत्त डाकसेवक
ता. साक्री, जि. धुळे